वाटणीच्या दिवशी विचारलेला प्रश्न

 

गेल्या संक्रांतीला आमच्या सहा गटांनी मिळून देवळाच्या ओट्यावर हळदीकुंकू केलं. वाणाला स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. वर्गणी सगळ्यांची सारखी. कुंकवाचा करंडा फिरायला लागला तशा चार बाया हळूच उठल्या आणि ओट्यामागं हौदापाशी जाऊन बसल्या. त्यांना कुणी उठा म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नाही. चौघींचेही मालक वारलेले. त्यातली एक तर गटाची सचिव, सात वर्षं वही तीच लिहिते.

आमच्यातल्या एका आक्कांच्या घरी दर चातुर्मासात पोथी लागते. त्या म्हणाल्या, "अगं, रोज ऐकतो आपण की देव दोन नाहीत, सगळ्यांत तोच भरलाय. मग हळदीकुंकवापुरता तो वेगळा होतो व्हय?"

उत्तर कुणालाच आलं नाही. गटांचं काम बघणाऱ्या आम्ही तिघी. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्यात लढाया आणि तहच जास्त. म्हणून ठरवलं, शोधूया. देव दोन नाहीत हे पहिल्यांदा सांगितलं कुठं, कुणाला सांगितलं, आणि आपल्यापर्यंत यायला त्याला इतका वेळ का लागला? तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. चार महिने मीटिंगचं कामकाज झालं की अर्धा तास वाचायचं, असं चाललं. त्यातलं आज सांगतो.

आधी शब्द बघू. द्वैत म्हणजे दोनपण. अद्वैत म्हणजे दोन नसणं. आम्हाला आधी वाटायचं, अद्वैत म्हणजे देव एकच आहे, शंकर काय नि विठ्ठल काय, नावं वेगळी. ते खरंच आहे, पण अद्वैताचं म्हणणं त्याहून पुढचं आहे. वर एक देव आणि खाली आपण, असेही दोन नाहीत. तुमच्या आत जे जाणतं, बघतं, ऐकतं, त्याला उपनिषदं आत्मा म्हणतात. सगळ्या जगाच्या मुळाशी जे आहे त्याला ब्रह्म म्हणतात. आणि ही दोन्ही एकच, असं सांगतात. सगळ्याच आचार्यांना हे मान्य नव्हतं. मध्वाचार्यांनी देव वेगळा आणि जीव वेगळा असं ठासून सांगितलं, आणि तीही आपल्याच परंपरेतली मोठी वाट आहे. आज मात्र आपण अद्वैताच्या वाटेनं जाऊ.

ही वाट एका घराच्या वाटणीपासून सुरू होते. बृहदारण्यक उपनिषद हे जुन्यातल्या जुन्या उपनिषदांपैकी एक, सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनं. त्यात याज्ञवल्क्य नावाचे ऋषी आहेत. त्यांना दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. याज्ञवल्क्यांना घर सोडून संन्यासाला जायचं होतं. जाण्याआधी ते मैत्रेयीला म्हणाले, तुझी नि कात्यायनीची वाटणी करून टाकतो.

हे वाचलं तेव्हा आमच्या मीटिंगमध्ये सगळ्या सावरून बसल्या. वाटणी म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून तलाठ्याकडे किती खेटे घातलेत ते आपलं आपल्याला माहीत. आणि इथं नवरा आपणहून म्हणतोय, घे तुझा वाटा!

मैत्रेयीनं मात्र उलट विचारलं. ही सगळी पृथ्वी धनानं भरून माझी झाली, तर मी अमर होईन का? याज्ञवल्क्य खरं बोलणारा माणूस. ते म्हणाले, नाही. पैसेवाल्यांचं आयुष्य जातं तसं तुझंही सुखात जाईल, पण धनानं अमर होण्याची आशा धरू नकोस. मग ती म्हणाली, ज्यानं मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू? तुम्हाला जे कळलंय ते मला सांगा.

इथं आमच्यात चांगलंच वाजलं. निम्म्याजणी मैत्रेयीवर खूश. बाकीच्या म्हणाल्या, कात्यायनीचं काय? उपनिषद कात्यायनीबद्दल एवढंच सांगतं की तिला बायकांना असते तेवढीच समज होती. तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. ऋषीच्या घरच्या गाई कुणी धुतल्या, धान्य कुणी निवडलं, पाहुण्यारावळ्यांना कुणी जेवू घातलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. एक काकू म्हणाल्या, "मैत्रेयीला बोलत बसायला सवड होती, कारण चूल कात्यायनीकडं होती." आम्हालाही ते पटतं. पुस्तकात नसलं तरी पटतं.

पण मैत्रेयीला पुढं जे सांगितलं गेलं ते सोडण्यासारखं नाही. याज्ञवल्क्य म्हणतात, नवरा प्रिय असतो तो नवऱ्यासाठी नाही, आत्म्यासाठी. बायको, लेकरं, धन, देव, सगळं आत्म्यासाठीच प्रिय असतं. ऐकून बाया हसल्या, म्हणजे सगळे आपापल्या मतलबाचेच की! तसं नाही. इथला आत्मा म्हणजे माझा एकटीचा हट्ट नव्हे. माझ्या आत आहे तोच नवऱ्यात, तोच लेकरात. आपलं माणूस आपलं वाटतं, कारण तिथं आपणच आपल्याला भेटत असतो.

मग ते मिठाचा दाखला देतात. मिठाचा खडा पाण्यात टाकला की विरघळतो. बोटांनी पुन्हा उचलता येत नाही. पाणी मात्र कुठूनही घ्या, खारटच. तसं हे अपार तत्त्व सगळ्यात भरलेलं आहे. छांदोग्य उपनिषदातही मीठ आहे. तिथं उद्दालक आपला मुलगा श्वेतकेतू याला शिकवतो. मुलगा बारा वर्षं गुरूकडं शिकून चोविसाव्या वर्षी मोठ्या तोऱ्यात घरी आलेला. बाप त्याला मीठ पाण्यात टाकायला लावतो, सकाळी वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखायला लावतो. वडाचं फळ फोडायला लावतो, मग त्यातलं बी. आत काय दिसतं? काहीच नाही. त्या काहीच न दिसणाऱ्यातून एवढा वड उभा राहिला, आणि तेच तूही आहेस, असं बाप मुलाला नऊ वेळा सांगतो. मीठ, बी, मातीची मडकी, सगळे दाखले घरातले नि परसातले. हे ज्ञान सांगायला महाल लागला नाही.

मैत्रेयीची अजून एक गोष्ट आम्हाला फार आवडली. याज्ञवल्क्यांनी सांगितलं, गेल्यावर वेगळी अशी जाणीव उरत नाही. तेव्हा तिनं मान डोलावली नाही. सरळ म्हणाली, इथं तुम्ही मला गोंधळात टाकलंत. मग त्यांना नीट सांगावं लागलं. जिथं दोन असतात तिथं एक दुसऱ्याला बघतो, ऐकतो, ओळखतो. जिथं सगळं आत्माच झालं, तिथं कुणी कुणाला बघायचं? अद्वैताचा गाभा तो हाच. तो तिनं "कळलं नाही" म्हटल्यामुळं उलगडून सांगितला गेला. आपल्या मीटिंगमध्ये बँकेचे साहेब व्याज समजावतात तेव्हा किती जणी म्हणतात, कळलं नाही?

त्याच उपनिषदात गार्गी आहे. विदेहाच्या जनक राजानं मोठा यज्ञ केला, हजार गाई उभ्या केल्या, शिंगांना सोनं बांधलं. सगळ्यात ज्ञानी असेल त्यानं न्याव्यात. याज्ञवल्क्यांनी शिष्याला सांगितलं, हाक गाई. मग सभेतले एकेक पंडित त्यांना प्रश्न विचारू लागले, त्यात गार्गीही. तिनं प्रश्न विणकामाच्या भाषेत विचारला. हे सगळं पाण्यात आडवं-उभं विणलेलं आहे, तर पाणी कशात विणलेलं? ती एकेक पायरी वर नेत गेली, तेव्हा याज्ञवल्क्यांनी तिला दटावलं, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसली, पण थोड्या वेळानं पुन्हा उभी राहिली आणि म्हणाली, धनुर्धर दोन बाण घेऊन यावा तशी मी दोन प्रश्न घेऊन आलेय. त्यांचं उत्तर ऐकून शेवटी निकाल तिनंच दिला, यांना नमस्कार करून सुटलात तरी खूप समजा. आपण मराठीत 'ओतप्रोत' म्हणतो ना, ते तिच्याच प्रश्नातले शब्द, ओत आणि प्रोत, मागावरचा ताणा नि बाणा. येवल्या-पैठणकडच्या मैत्रिणींना हे लगेच उमजेल.

इथवर सगळं छान होतं. पुढं जे वाचलं त्यानं आम्ही गप्प झालो.

बृहदारण्यकाच्या शेवटी, कशी संतती हवी असेल तर काय शिजवून खावं, ते दिलंय. विद्वान मुलगी व्हावी, तिला पूर्ण आयुष्य मिळावं असं वाटत असेल, तर नवरा-बायकोनं तीळ घालून भात शिजवावा आणि तूप घालून खावा. म्हणजे पंडित मुलगी हवीशी वाटणारी घरं तेव्हा होती! पुढं कितीतरी शतकांनी, इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमारास, शंकराचार्यांनी या उपनिषदावर भाष्य लिहिलं. केरळातल्या कालडीचे शंकराचार्य, अद्वैताचे सगळ्यात मोठे आचार्य. तीळभाताच्या ओळीवर ते लिहितात, मुलीचं हे पांडित्य घरकामापुरतं समजायचं, कारण तिला वेदाचा अधिकार नाही. मूळ ओळीत घरकामाचा शब्द नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यातही, शूद्रांना वेदाभ्यासाचा अधिकार नाही, असंच त्यांनी मांडलं. इतिहास-पुराणं ऐकायला मात्र सगळ्यांना मोकळीक ठेवली.

त्यांच्याच नावाची एक गोष्ट परंपरा सांगते. काशीत वाटेवर एक चांडाळ समोर आला. त्याला बाजूला हो म्हटल्यावर त्यानं विचारलं, बाजूला कुणी व्हायचं, या देहानं की आतल्या आत्म्यानं? शंकराचार्यांनी त्याला गुरू मानून नमस्कार केला, म्हणतात. नमस्कार करणारे तेच आणि तीळभाताचा अर्थ आवळणारेही तेच. हे कसं? त्यांच्या मांडणीत दोन पातळ्या आहेत. एक पारमार्थिक, तिथं कसलाच भेद नाही. दुसरी व्यावहारिक, तिथं ज्ञान होईपर्यंत सगळे भेद आपापल्या जागी. विचार म्हणून त्यात अर्थ आहे. साप नसून दोरी आहे हे कळेपर्यंत माणूस घाबरणारच. पण समाजानं त्याचा वापर सोयीनं केला. आमच्या सचिवताईंनी ते बरोब्बर पकडलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन वह्या. तपासणीला दाखवायची वेगळी आणि रोज लिहायची वेगळी."

आता आपल्या मुलखात येऊ. १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरची आपली टीका मराठीत सांगितली. संन्याशाची मुलं म्हणून या चार भावंडांना समाजानं बाहेर ठेवलं होतं. दार लावलं की बाहेरच्याला काय वाटतं ते त्यांना ठाऊक होतं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदालाच कंजूष म्हणतात. एवढा संपन्न, पण तीनच वर्णांच्या कानाला लागला. बाया आणि शूद्र बाहेर राहिले, आणि ती आपली उणीव भरून काढायला वेदच गीतेच्या रूपानं आला, असं ते सांगतात. आम्ही ज्ञानेश्वरी किती वेळा ऐकली असेल, पण ही जागा कधी थांबून ऐकली नव्हती.

त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई. मोठे योगी म्हणून गाजलेले चांगदेव या पोरीचे शिष्य झाले, असं वारकरी मानतात. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरला तिचंच नाव आहे. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी. दळण, कांडण, शेणी वेचणं, सगळं तिच्याकडं, आणि प्रत्येक कामात विठ्ठल तिच्या जोडीला बसलेला. याज्ञवल्क्यांना वाटणी करून घर सोडावं लागलं. जनीला जातंसुद्धा सोडावं लागलं नाही. कात्यायनीची बाजू घेणाऱ्या आमच्या काकू इथं एकदम खुलल्या.

सोयराबाई चोखोबांची बायको, महार समाजातली. तिनं विटाळावर बोट ठेवलं. देह विटाळातूनच होतो, विटाळ नाही असा देहच नाही, मग सोवळा कोण? देव सगळ्यांत भरलाय हे मान्य असेल तर या प्रश्नातून सुटका नाही. पण पंढरपूरच्या देवळात तिला नि चोखोबांना पाय ठेवता आला नाही. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत पडून गेले. त्यांची समाधी आहे ती देवळाच्या बाहेर, पायरीशी. त्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. मधली सहाशे नऊ वर्षं आम्ही मीटिंगमध्ये फळ्यावर वजाबाकी करून काढली.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बहिणाबाईंवर थांबलो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या. या संत बहिणाबाई, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या, जन्म १६२८ चा. लहानपणीच तिशीच्या बिजवर नवऱ्याशी लग्न झालं. नवरा वेदपाठी ब्राह्मण. घरातल्या भांडणापायी गाव सुटलं आणि हिंडत हिंडत सगळे कोल्हापूरला आले. तिथं एक वासरू तिच्या मागं मागं कीर्तनालासुद्धा जायचं. जयरामस्वामींनी भर कीर्तनात त्या दोघांचं कौतुक केलं. नवऱ्याच्या कानावर गेलं, आणि त्यानं तिला बांधून मारलं. वासरानं चारापाणी सोडलं आणि ते गेलं. ती शुद्ध हरपून पडली असताना तिला तुकाराम दिसले, त्यांना तिनं गुरू मानलं. तुकाराम कुणबी. वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं म्हणजे काय! नवरा तिला टाकून जायला निघाला. पण आजारी पडला, पुढं त्याचंही मन पालटलं, आणि ते सगळे देहूला गेले.

हे सगळं तिनं स्वतः अभंगांत लिहून ठेवलंय. वेद-पुराणं बाईच्या सोबतीत भलं नाही म्हणतात, आणि आपला तर देहच बाईचा, मग आपल्याला वाट कुठली, असं तिनं उघड विचारलंय. आणि मग तिनं 'वज्रसूची' हे उपनिषद मराठी अभंगांत आणलं. त्यात विचारलंय, ब्राह्मण म्हणजे कोण? जीव? देह? जात? ज्ञान? कर्म? एकेक घेऊन खोडून काढलंय. देह सगळ्यांचे त्याच पाच भूतांचे. जातीचं म्हणाल तर व्यास कोळ्याच्या मुलीच्या पोटचे. शेवटी उत्तर येतं, दोन नसलेला आत्मा ज्याला प्रत्यक्ष कळला, तो ब्राह्मण. वेद ऐकायचा अधिकार नसलेल्या बाईनं उपनिषदच मराठीत सांगितलं, तेही त्याच घरात राहून.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच बहिणाबाईंनी पतिव्रतेच्या धर्मावरही अभंग लिहिलेत, नवरा हाच देव म्हणणारे. आमच्यातल्या एकीनं तर पुस्तक मिटलं. मार खाल्लेली बाई असं कसं लिहिते, म्हणाली. दुसरी म्हणाली, त्या घरात राहून लिहायचं तर अजून कसं लिहिणार होती? आम्हाला दोघींचंही म्हणणं खरं वाटतं. बहिणाबाई १७०० साली गेल्या. शिऊरला त्यांची समाधी आहे. वैजापूरकडं गेलात तर जाऊन या.

आता हौदापाशी बसलेल्या चौघींचं. आम्ही ठराव लिहिला नाही. सचिवताईच म्हणाल्या, ठरावानं कपाळाला कुंकू लागत नाही. मेमध्ये गटाचा वर्धापनदिन होता, तेव्हा पुन्हा करंडा निघाला. आक्का स्वतः तो घेऊन त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. सचिवताईंनी हळद लावून घेतली. कुंकवाला नको म्हणाल्या, "अजून हात वर येत नाही माझा." आक्कांनी आग्रह केला नाही, शेजारी बसून घेतलं.

उरलेल्या तिघींपैकी दोघी त्या दिवशी आल्याच नव्हत्या. तिसरी आली, पण सासूबाई समोरच्या ओट्यावर बसल्या होत्या, म्हणून लांबूनच हसली. आता पुढच्या मंगळवारची मीटिंग आम्ही त्या सासूबाईंच्याच पडवीत ठेवलीय. मैत्रेयीची गोष्ट तिथं पुन्हा वाचणार आहोत, वाटणीपासून.